वाचकांचे प्रश्न : गळती नसली तरी शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडायचे का?

प्रश्न : माझ्या स्पोर्ट्स कारला मी चार वर्षांपूर्वी मोनोट्यूब कॉइलओव्हर, म्हणजे एकाच नळीचे आणि भोवती स्प्रिंग असलेले शॉक, बसवून घेतले. त्यांचे रिबाउंड (शॉक ताणला जातानाचा रोध) आणि कम्प्रेशन (तो दबतानाचा रोध) वेगवेगळे जुळवता येते. गाडी रोजच्या वापरात आहे, शिवाय वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जाते. आतापर्यंत पस्तीस हजार किलोमीटर धाव झाली असून एकाही शॉकमधून तेलाचा थेंब गळालेला नाही. गॅरेजवाले म्हणतात, ‘गळत नाही तोवर हात लावू नका’. ट्रॅकवर भेटणारी मंडळी मात्र दर हंगामाला शॉक उघडून बांधून घेतात. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमच्या वापराकडे पाहता शॉक उघडण्याची वेळ आलेली आहे, किंबहुना थोडी उलटून गेली आहे. दर हंगामाला उघडण्याची तुम्हाला गरज नाही, पण गळतीची वाट पाहणे त्याहून चुकीचे ठरेल, कारण गळती हे सील खराब झाल्याचे लक्षण आहे आणि आतले तेल त्याच्या कितीतरी आधी कामातून गेलेले असू शकते.

स्प्रिंगच्या हालचालीतली ऊर्जा पिस्टनमधल्या बारीक वाटांतून तेल ढकलून उष्णतेत बदलायची, एवढेच शॉकचे काम असते. सपाट महामार्गावर ही उष्णता किरकोळ असते. ट्रॅकवर कर्बवरून, म्हणजे कडेच्या उंचवट्यावरून, चाके उडत असताना, शेजारी तापलेला ब्रेक असताना, तेच तेल बराच वेळ शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर राहू शकते. तेलाचा दाटपणा तापमानानुसार फार बदलू नये म्हणून त्यात घातलेली लांब साखळ्यांची रसायने सततच्या घुसळणीने तुटत जातात, आणि पिस्टनची पट्टी व नळीची आतली भिंत यांच्या झिजेची भुकटी त्यात मिसळते. म्हणूनच केवळ किलोमीटर मोजून उत्तर मिळत नाही; ट्रॅकवरचा एक दिवस रस्त्यावरच्या काही हजार किलोमीटरइतका धरावा, असे माझे मत आहे.

ढोबळ अंदाज असे : फक्त रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी पन्नास ते ऐंशी हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते, तुमच्यासारख्या मिश्र वापरासाठी साधारण दोन वर्षे किंवा तीस हजार किलोमीटर, नियमित शर्यतीसाठी हंगामातून एकदा, म्हणजे वीस ते चाळीस तास धावल्यावर. रॅलीच्या गाड्यांचे शॉक बहुधा प्रत्येक स्पर्धेनंतर उघडले जातात. उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिलेली असेल, तर तीच पाळावी.

मुदतीपेक्षा मोजमाप जास्त विश्वासाचे, आणि त्यातले एक तुम्ही घरीही करू शकता. मोनोट्यूब शॉकमध्ये तेलाच्या मागे, एका तरंगत्या पिस्टनपलीकडे, दाबाखालचा नायट्रोजन असतो. फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनी 1950च्या दशकात ही रचना पुढे आणली ती तेलात फेस होऊ नये आणि पिस्टनमागे पोकळी पडू नये म्हणून. हा वायू पिस्टनच्या दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो. शॉक गाडीतून काढून, स्प्रिंग उतरवून, दांडा खाली करून वजनकाट्यावर उभा धरा आणि दांडा थोडा आत जाईपर्यंत दाबून स्थिर ठेवा. 14 मिलिमीटरचा दांडा आणि 15 बार दाब असेल, तर काटा सुमारे 23 किलो दाखवील. सीलच्या घर्षणाने आकडा थोडा वर-खाली होतो, पण डावीकडचा शॉक 23 आणि उजवीकडचा 14 दाखवत असेल, तर उजव्यातला वायू निघून गेला आहे यात शंका नाही, मग बाहेरून तो कितीही कोरडा दिसो. बॉनेटचा कोपरा हाताने दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची जुनी पद्धत मात्र अशा गाड्यांसाठी निरुपयोगी आहे. कडक स्प्रिंग आणि सीलचे घर्षण यांमुळे मेलेला शॉकही त्या परीक्षेत पास होतो.

दुसरी खूण तुमच्या स्वतःच्या नोंदीत सापडेल. सुरुवातीला मागचे रिबाउंड पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक, स्थितीपासून दहा क्लिकवर (जुळवणीच्या खटक्यांवर) होते, पुढच्या वर्षी आठवर आणले, आता पाचवर आहे आणि तरीही गाडी कोपऱ्यातून बाहेर पडताना तरंगते, असे काही घडले आहे का? तसे असेल, तर तुम्ही झीज क्लिकने झाकत आला आहात. टायर जागोजागी कमी-जास्त झिजणे, खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावताना चाक उडणे, दोन क्लिक फिरवूनही काहीच फरक न जाणवणे, हीसुद्धा त्याच दुखण्याची लक्षणे आहेत.

खरी परीक्षा शॉक डायनोवर, म्हणजे शॉक तपासण्याच्या यंत्रावर, होते. तिथे वेगवेगळ्या वेगांना शॉक किती बल देतो याचा आलेख मिळतो. एकाच अॅक्सलवरच्या दोन शॉकच्या रेषा एकमेकींपासून काही टक्क्यांहून अधिक सरकल्या असतील, तर उघडण्याला पर्याय नाही. नव्या शॉकचा आलेख हाताशी असता, तर तुमचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला असता. तो घेऊन ठेवण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

उघडायचे ठरल्यावर काम अर्धवट करून घेऊ नका. तेल, ऑइल सील, धुळीचे सील, सगळ्या ओ-रिंग, पिस्टनची पट्टी आणि दांड्याचा मार्गदर्शक बुश एकदमच बदलावेत. दांड्यावरून नख फिरवून पाहावे. ते कुठे अडकत असेल, तर क्रोमचा थर खराब झालेला आहे, आणि त्यावर नवे सील घातले तरी ते थोड्याच दिवसांत फाटेल. शिम, म्हणजे पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या, मायक्रोमीटरने मोजून ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत बसवाव्यात. चकतीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 0.10 मिलिमीटरच्या जागी 0.15 मिलिमीटरची चकती गेली, तर ती तिपटीहून जास्त कडक निघते आणि गाडीचा स्वभावच बदलतो. वायूचा दाब न सोडता शॉक उघडणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे हे काम घरी करू नये. आणि काम झाल्यावर चारही शॉकचे आलेख मागून घ्यावेत. जो कारागीर ते देत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

प्रश्न : माझी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही धावत नाही. मग शॉकचे ओव्हरहॉल पुढे ढकलले तर चालेल का?

उत्तर : काही काळ चालेल, कायमचे नाही. रबर वापराविनाही कडक होते, आणि महिनोन् महिने एकाच उंचीवर उभ्या असलेल्या गाडीत सील दांड्याच्या एकाच जागी दबून राहते. दमट हवेत दांड्याच्या उघड्या भागावर गंजाचे बारीक ठिपके पडतात आणि पहिल्याच मोठ्या धक्क्याला ते सीलमधून आत जातात. गाडी उभी असेल तर दर काही आठवड्यांनी थोडी चालवावी, दांडा पुसून पाहावा, आणि पाच वर्षे झाल्यावर निदान वायूचा दाब मोजून घ्यावा.

प्रश्न : कारखान्यातून आलेले, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले शॉक असेच उघडता येतात का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. त्यांची नळी वरून दाबून कायमची बंद केलेली असते. 2002च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये पहिल्यांदा आलेल्या मॅग्नेराइडसारख्या प्रकारात तर साधे तेल नसून लोहकण मिसळलेला द्रव असतो आणि चुंबकीय क्षेत्राने त्याचा दाटपणा बदलला जातो. त्यात बाजारातले तेल ओतून भागत नाही. असे शॉक खराब झाले की जोडीने नवे घालणे, हाच बहुधा व्यवहार्य मार्ग असतो.