स्टेट मशीनच्या डायग्राममधून टेस्ट केस आपोआप काढता येतात का?

हो, येतात. टीमने यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या प्रमाण भाषेत स्टेट मशीन काढलंय (सिस्टिमच्या अवस्था म्हणजे स्टेट, आणि कोणत्या घटनेने, म्हणजे इव्हेंटने, एका स्टेटमधून दुसरीत जायचं ते बाण), आता टेस्ट केस हाताने लिहायच्या की टूलकडून काढून घ्यायच्या, असं तुम्ही विचारलंय. टूलकडूनच घ्या. पण त्याआधी एक दुपार कागद-पेन्सिल घेऊन बसा.

मी पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. एकदा पॉवर विंडोचं मॉडेल आलं. चार स्टेट: काच स्थिर, वर जातेय, खाली येतेय, आणि मध्ये बोट सापडलं म्हणून उलटी फिरतेय. इव्हेंट सात: वरचं बटण, खालचं बटण, बटण सोडणं, अडथळा, वरचं टोक, खालचं टोक, इग्निशन बंद. डायग्राममध्ये बाण 10. प्रत्येक बाण एकदा तरी चालेल असे मार्ग टूलने काढून दिले आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या.

मग तोच डायग्राम आम्ही टेबलात मांडला: ओळींत स्टेट, रकान्यांत इव्हेंट, घरात बाण. 4 गुणिले 7, म्हणजे 28 घरं. 10 भरलेली, 18 रिकामी. रिकाम्या घरात काहीच घडायचं नाही, हे सगळ्यांनी मनातल्या मनात धरून ठेवलेलं. लिहिलं कुणीच नव्हतं. त्या 18 टेस्ट चालवल्या. काच उलटी फिरत असताना वरचं बटण दाबलं, तर ती पुन्हा वर निघाली! तिथे एखाद्या लहान मुलाचं बोट असू शकतं. तेव्हापासून मी आधी रिकामी घरं बघतो.

दुसरं, बाण चालला म्हणून सिस्टिम योग्य स्टेटला पोचलीच असं धरू नका. पुढचे इनपुट देऊन, आउटपुटवरून ती स्टेट ओळखायची, हे संशोधक चाऊ यांच्या 1978 च्या डब्ल्यू-पद्धतीचं (स्टेट मशीनवरून टेस्ट काढायची एक पद्धत) मर्म आहे.

साध्या डायग्रामला ग्राफवॉकर हे मार्ग काढून देणारं टूल पुरतं. बाणांवर अटी गुंतागुंतीच्या असतील तर मॉडेल चेकर (मॉडेलबद्दलचा दावा खरा की खोटा ते तपासणारं टूल) वापरा. 'हा बाण कधीच चालत नाही' असा दावा त्याला द्यायचा. दावा खोटा ठरवताना तो जी इव्हेंटची साखळी दाखवतो, तीच तुमची टेस्ट.

आणि मॉडेल रिक्वायरमेंटवरून काढा. डेव्हलपरच्या कोडवरून काढलंत, तर कोडमधली चूक मॉडेलमध्येही येते आणि टेस्ट तिलाच बरोबर म्हणते. तुमचं कशावरून काढलंय?