पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपतीच पहिला का असतो?
कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत असल्यामुळे विसर्जन मिरवणुकीतील पहिला मान त्याचा आहे. सार्वजनिक उत्सवाच्या आरंभीच्या काळात अग्रभागी कोणी राहावे असा वाद झाला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी ग्रामदैवताला पहिले आणि ग्रामदेवता तांबड्या जोगेश्वरीच्या गणपतीला दुसरे स्थान दिले. त्यामागून गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा या मंडळांचे गणपती येतात. मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघताना फुलांनी सजवलेल्या भव्य रथांच्याही पुढे कसब्याची पालखी चालते, आणि ते अगदी यथोचित आहे. मात्र हा क्रम मंडळाच्या वयावर ठरलेला नाही : गुरुजी तालमीचा उत्सव १८८७ पासूनचा, म्हणजे टिळकांच्या चळवळीआधीचा असूनही त्याचा मान तिसरा आहे.