वाचकांचे प्रश्न : सोहळा रद्द झाला, सन्मान कसा करावा?

प्रश्न : आमच्या लातूर जिल्ह्यातील गावात १६ डिसेंबरला माजी सैनिकांचा सत्कार होतो. यंदा तापाच्या साथीमुळे सभा रद्द झाली आहे. १९७१च्या युद्धात लढलेले एक आजोबा गावात आहेत. घरी राहून त्यांचा सन्मान कसा करावा?

उत्तर : १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, त्या दिवशी विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे, म्हणून साथीच्या काळात त्यांच्या घरी गर्दी न करणे हाही सन्मानाचाच भाग समजावा. त्यांना आधी विचारून, सवडीच्या वेळी दूरध्वनी करावा आणि त्यांची पलटण कोणती, मराठवाड्यातून भरतीला ते कसे गेले, घरी पत्रे किती दिवसांनी पोहोचत, हे शांतपणे विचारून त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. किती शत्रू मारले, असे मुलांनी कृपया विचारू नये. सत्काराच्या शाल-श्रीफळापेक्षा असे तासभर मन लावून ऐकणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण व्यासपीठावर त्यांना बोलायला क्वचितच वेळ मिळतो.

सत्कारासाठी जमलेली वर्गणी ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत देता येईल. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला त्यांनी दिला आहे का, याचीही चौकशी करावी. वीरपत्नींनाही असाच दूरध्वनी अवश्य करावा.