बाहुलीनाट्य शिकायचं तर कुठे जावं?

तुमचा प्रश्न असा: बी.कॉम. संपत आलंय, कॉलेजच्या एकांकिकांत काम केलंय, आता बाहुलीनाट्यच करायचंय. त्याची पदवी महाराष्ट्रात मिळते का, की सरळ युरोप गाठावा? माझं मत आधीच सांगून टाकतो. पदवी नंतर बघू. आधी एखाद्या नाटकवेड्या गटात टिकून काम करा, बाहुल्यांची परंपरा जपणाऱ्या कोकणातल्या पिंगुळी गावाला जाऊन या, परदेशाचं त्यानंतर.

बाहुलीवाला म्हणजे एकटा माणूस, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव बघतच आपण मोठे झालो. शब्दभ्रम, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करणं, ही मोठीच कला, पण तो या क्षेत्राचा एक कोपरा झाला. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एकेका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य कलाकाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. शिकणाऱ्याला आधी पाय मिळतात. पायांवर दहा वर्षं, मग डाव्या हातावर दहा, अशी जुनी रीत सांगतात. प्रयोग चालू असताना तिघांत एक शब्द होत नाही. मुख्य कलाकाराच्या अंगाच्या हालचालीवरून बाकीचे दोघे इशारा ओळखतात.

हे घरी करून बघता येतं. खाकी कागदाचे मोठे ताव चुरगाळून, चिकटपट्टीने बांधून दोनेक फुटांची बाहुली करा. नाक-डोळे काढू नका. दोन मित्र बोलवा, तिघांनी मिळून तिला टेबलावर उभी धरा. सुरुवातीला बराच वेळ तिला नुसता श्वास घेऊ द्या: छाती किंचित वर, मागोमाग डोकं, मग दोन्ही सावकाश खाली. श्वास जमला की टेबलावरच्या पेल्याकडे बघायला लावा. आधी डोकं वळेल, मग धड, मग पाऊल. पाऊल टेबलाला टेकलं नाही तर बाहुली तरंगते आणि बघणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. तिघांचीही नजर सतत बाहुलीवरच हवी. तुमच्यापैकी एकाने जरी समोर बघितलं, तरी प्रेक्षक बाहुली सोडून त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागतो.

एकांकिका स्पर्धांनी आपल्या पोरांना जबरदस्त जोश दिलाय, त्याबद्दल मला आदरच आहे. पण स्वतः मागे राहून दुसऱ्या कुणाला दिसू द्यायची सवय स्पर्धेत लागत नाही. ती गटात वर्ष-दोन वर्षं घासल्यावरच लागते. म्हणून आधी गट म्हणतोय.

पदवीचं म्हणाल, तर पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) आहे. तिन्ही ठिकाणी शिक्षण नाटकाचं. बाहुलीसाठी तिथून शरीर, आवाज आणि संहितेची शिस्त घ्यायची. एनएसडीला पदवीसोबत नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात, त्यामुळे केलेल्या प्रत्येक प्रयोगाची पत्रिका आणि कात्रणं आत्तापासून जपून ठेवा.

आता पिंगुळी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलात की गाव जवळच आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी (चित्रं दाखवत कथा गाऊन सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या, असे तिन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या जपत आलाय. सावंतवाडी संस्थानचा एके काळी त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे बघण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे गाणं, वाद्य आणि बाहुली यांची सांगड. हुडूक हे छोटं चर्मवाद्य आणि टाळ वाजतात, कथा गाऊन सांगितली जाते आणि बाहुलीची चाल त्या ठेक्यातून निघते. आपण शहरात आधी बाहुली बनवतो आणि संगीत मागाहून चिकटवतो, म्हणून आपले प्रयोग लंगडतात असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो काढून त्याच दिवशी परतू नका. आधी विचारून, राहायची सोय करून जा आणि शिकवणीचे पैसे आपणहून द्या. त्या घरांची चूल या कलेवर चालते.

परदेशात नाव घ्यावं अशी ठिकाणं मोजकी. प्रागच्या डामू या नाट्यशाळेत बाहुलीनाट्याचा विभाग १९५२ साली सुरू झाला. फ्रान्समधल्या शार्लव्हिल-मेझिएरची शाळा १९८७ ची, शिक्षण फ्रेंचमधून. बर्लिन आणि श्टुटगार्टला जर्मन आलंच पाहिजे. श्टुटगार्टला युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १५०० युरो शुल्क आहे. इंग्रजीवरच भागवायचं असेल तर अमेरिकेतलं कनेटिकट विद्यापीठ, तिथे बाहुलीकलेची पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही आहे, पण खर्च भारी.

मूळचे पुण्याचे दादी पदमजी यांची वाट अभ्यासा. अहमदाबादला आणि पुढे स्टॉकहोमला शिकून ते परत आले आणि १९८६ साली दिल्लीत त्यांनी ‘इशारा’ ही संस्था काढली. नंतर ते युनिमा या बाहुलीकारांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षही झाले.

परीक्षा झाल्या की कागदी बाहुलीचा पाच मिनिटांचा, बिनशब्दांचा प्रयोग बसवा आणि त्याचं चित्रीकरण इथे टाका. कॅमेरा एका जागी ठेवा, मध्ये कट नको, आणि तिघांचेही चेहरे दिसू देत. नजर कुठे सुटते ते मी वेळेसकट लिहून कळवीन.