तापीकाठी होड्यांचं छोटं संग्रहालय करतोय. काठावरची जुनी लाकडी नाव आधी रंगवून घ्यावी का? जागा आणि खोली कशी निवडावी?

रंगवू नका. ऑइलपेंट तर मुळीच नको.

"उद्घाटनाला नाव चकाचक दिसली पाहिजे" म्हणणारा एक तरी कमिटीत असतोच. त्याला सांगा, आत ओल असताना वरून रंग फासला की ती कोंडते, पापुद्रे सुटतात आणि खालची कूज दिसतही नाही.

उचलण्याआधी दर अर्ध्या मीटरवर रुंदी-खोली मोजून कागदावर घ्या; पुढे नाव पसरली तर त्यावरूनच कळेल. दोन टोकांना दोर बांधून उचललीत तर मधला भाग लोंबतो, फळ्यांचे सांधे उघडतात. पोटाखालून रुंद पट्टे घाला. ठेवताना दर मीटरला पोटाच्या आकाराची घोडी (लाकडी टेकू), वर जाड फेल्ट.

घोळ होतो तो वाळवताना. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44च्या पुढे जातो. त्या हवेत ओली नाव उघडी टाकली की तडकलीच. फळीची टोकं मधल्या भागाच्या आधी सुकतात. शिवाय लाकूड वर्षवलयांना आडवं छेदून जितकं आकसतं, त्याच्या जवळपास दुप्पट वलयांच्या गोलाईने आकसतं. म्हणून काम पावसाळ्यात काढा: सावली, ओलं गोणपाट, टोकांना मेण. गोणपाटाचे थर हळूहळू कमी करा. एक सुटी फळी नावेसोबतच ठेवून दर आठवड्याला तोला. सलग चार वेळा तेच वजन भरलं की सुकली समजा. फटींतली जुनी राळ उकरू नका, ती नावाड्याच्या हातची आहे. गंजके खिळेही उपटू नका, सुटा गंज तेवढा ब्रशने झाडा.

जागेसाठी पाटबंधारे खात्याकडून पूररेषा मागा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडतात तेव्हा तापी कशी चढते ते तुम्हाला सांगायला नको. इंग्लंडात टेम्सकाठी हेन्लीला नौकानयनाचं संग्रहालय 1998 साली उघडलं, तेही खांबांवर उचलून बांधलेलं. खोली नावेपेक्षा दोन्हीकडे दीड मीटर जास्त ठेवा. आठ वल्हेकऱ्यांची शर्यतीची नाव आणणार असाल तर तीच 17 मीटरच्या आसपास भरते.

दत्तू भोकनळचा कोपरा कराच. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी मारायची शर्यत) तेरावा आलेला हा गडी चांदवड तालुक्यातला. "चांदवड कुठे खानदेशात?" म्हणणाऱ्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा.

आणि हो, नाव गाळात खोल पुरलेली सापडली असेल तर वरचं सगळं विसरा. आहे तशी ओली झाकून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.