मराठवाड्यातून एलएल.बी. करून परदेशी कंपन्यांचा करसल्लागार वकील होता येते का?

परभणीत मराठी माध्यमातून शिकून छत्रपती संभाजीनगरात एलएल.बी. करणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कंपन्यांना करविषयक सल्ला देता येईल का, की हे क्षेत्र सीएंचेच आहे, असे तुम्ही विचारले आहे. देता येईल. दुसऱ्या भागावर मात्र मला अधिक बोलायचे आहे, कारण नांदेडला सीएची प्रॅक्टिस करणारे माझे मामा प्रत्येक लग्नकार्यात मला हेच ऐकवत आले आहेत: "कर हे आमचे काम, वकिलांनी सातबारा आणि वाटणीचे दावे सांभाळावेत."

वाळूजच्या एका कारखान्याने जर्मनीहून यंत्र घेतले. कामगारांच्या प्रशिक्षणाचे एक लाख युरो वेगळे होते. मालकांनी कराराचा मसुदा केवळ नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे पाठवला. हप्ते, वॉरंटी, सगळे चोख होते. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ होती की भारतातील सर्व कर खरेदीदार भरेल. म्हणजे जर्मन कंपनीच्या हाती पूर्ण एक लाख पडायला हवेत आणि तिच्या उत्पन्नावरचा करही वाळूजच्या मालकांनी सोसायचा. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९५ए प्रमाणे अशा वेळी मूळ रक्कम करासह वाढवून धरावी लागते. असे प्रशिक्षण ज्यात मोडते त्या तांत्रिक सेवा शुल्कावरील देशी कायद्यातला दर २०२३ पासून २० टक्के आहे, त्यामुळे अधिभार-उपकर सोडूनही कर २५,००० युरो होतो. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर बसू नये म्हणून झालेल्या भारत-जर्मनी करारातील १० टक्क्यांनी तो सुमारे ११,१११ होतो, परंतु त्यासाठी जर्मन कंपनीने तिकडचा कर-निवासी दाखला (ती जर्मनीत कर भरणारी कंपनी असल्याचा) आणि त्यासोबत तेव्हा लागणारा फॉर्म १०एफ द्यायला हवा, आणि तो देण्याचे बंधन मसुद्यात कुठेच नव्हते. मी दोन वाक्ये घातली: दाखला पैसे पाठवण्यापूर्वी मिळावा, आणि न मिळाल्यास जादा कर विक्रेत्याने सोसावा. जर्मन कंपनीने हरकत घेतली, बरीच ईमेलबाजी झाली, अखेर तिने मान्य केले. सही झाल्यानंतर कितीही हुशार सीए आला असता, तरी त्याला फक्त हिशेब करून देता आला असता.

मामांना हे सविस्तर सांगितले, तेव्हा "एवढे तर आमचा आर्टिकलही सांगेल," असे ते म्हणाले; आर्टिकल म्हणजे सीएकडे उमेदवारी करणारा विद्यार्थी. सांगेलही, पण तो मसुदा माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांच्याच व्यवसायातील दोघांच्या हातांखालून गेला होता. व्होडाफोन कंपनीच्या करवादातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकालही आकडेमोडीवर लागला नव्हता. परदेशातील कंपनीचे शेअर परदेशातच विकले गेले, तर तो व्यवहार भारतीय कायद्याच्या कक्षेत येतो का, हा तिथला वाद होता, आणि असे वाद उच्च न्यायालयात वकीलच चालवतो.

हेही सांगायला हवे की परदेशी पैसे पाठवतानाचे सीएचे प्रमाणपत्र आणि ट्रान्सफर प्रायसिंगचा (एकाच समूहातील कंपन्यांनी आपसात लावलेल्या किमतींचा) अहवाल आपल्याला, म्हणजे वकिलांना, देता येत नाही, आणि पुण्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणात सीएही बाजू मांडतात. ताळेबंद वाचता येत नसेल, तर या वाटेला जाऊ नका. माध्यम आड येत नाही, मात्र करार इंग्रजीतच असतात. सुरुवातीची काही वर्षे पुण्या-मुंबईत, तुटपुंज्या पगारावर काढावी लागतील, हेही गृहीत धरा. वाचायला भारत-जर्मनी कराराचे अनुच्छेद ५, ७ आणि १२ घ्या. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्यामुळे जुने कलम क्रमांक त्याच्याशी जुळवून घ्या. आधी सीएकडे उमेदवारी करा, असे मामा सांगतील. मी म्हणेन, वकिलाकडेच करा, मात्र ज्याच्या कार्यालयात एखादा सीए पगारावर आहे अशा वकिलाकडे.