सैरंध्री म्हणजे दासी का? ते तर द्रौपदीचं नाव ना?

तुमच्या शब्दकोड्यात 'राणीची दासी (जुना शब्द), तीन अक्षरी' याचं उत्तर 'सैरंध्री' आलं आणि तुम्ही बुचकळ्यात पडलात. मीही कित्येक वर्षं तुमच्यासारखंच समजत होतो. आमच्याकडे चातुर्मासात पांडवप्रताप वाचला जायचा. पांचाली, याज्ञसेनी तशीच सैरंध्री, द्रौपदीचं आणखी एक नाव, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

ते नाव नाही, हुद्दा आहे. अज्ञातवासात विराटाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे, काम मागताना द्रौपदी नाव सांगते ते 'मालिनी'. येतं काय, तर केस विंचरून वेणी घालणं, उटी वाटणं, फुलांचे हार गुंफणं. आधी कुठे होतीस म्हणाल तर कृष्णाच्या सत्यभामेकडे, आणि मग पांडवांच्या द्रौपदीकडे! स्वतःच्याच घरच्या नोकरीचा दाखला स्वतःच द्यायचा, हा महाभारतातला माझा आवडता खट्याळपणा.

आता 'दासी'बद्दल. इथे कोडं रचणाऱ्याची चूक आहे असं माझं मत. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, सैरंध्रीची व्याख्या अर्ध्या श्लोकात उरकली आहे: 'सैरन्ध्री परवेश्मस्था स्ववशा शिल्पकारिका'. म्हणजे राहते दुसऱ्याच्या घरी, पण स्वतःच्या मर्जीची मालकीण, आणि हातात कसब असलेली. त्यातला 'स्ववशा' हा शब्द महत्त्वाचा. दासी कुणाच्या तरी मालकीची असते, सैरंध्री नसते. मनुस्मृतीत सैरिंध्र नावाच्या संकर जातीचं वर्णन आहे, तिथेही साजशृंगारात आणि सेवेत तरबेज, 'अदास' असून दासासारखं जगणारा, असंच म्हटलंय.

म्हणून तर द्रौपदी सुदेष्णेला अटी घालू शकते: उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही. विकत आणलेल्या बाईची असं बोलायची काय टाप! अर्थात कागदावरचा दर्जा आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडतंच. त्याच सुदेष्णेने तिला मद्य आणायच्या निमित्ताने आपल्या भावाच्या, तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या कीचकाच्या, घरी धाडलं, आणि पुढचं सगळं रामायण (महाभारतच म्हणा) तिथून घडलं.

मराठीत हा शब्द घरोघरी पोचला तो याच कथेमुळे, त्यामुळे तो द्रौपदीला कायमचा चिकटला. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७चं. त्यातल्या कीचकात लोकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१०मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. १९२०मध्ये बाबूराव पेंटरांचा मूकपट आला, त्याचं नावच 'सैरंध्री'. आता केस विंचरणाऱ्या दुसऱ्या कुणाला सैरंध्री म्हटलं तर लोक चमकून बघतील.

कोड्यात 'राणीची वेणीफणी करणारी' असं हवं होतं. नुसती 'दासी' म्हटली, तर पेशवाईच्या कागदांत सापडणारी 'बटीक'ही तीन अक्षरीच आहे, आणि ती खरोखर विकत घेतलेली असे. उभ्या शब्दांची अक्षरं 'सैरंध्री'शीच जुळली नसती तर तुम्ही 'बटीक' लिहून मोकळे झाला असता.